स्फुरदाचा पत्रा : एमएस्सी प्रकल्पाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४, सातारा

विषय ठरला. काळ्या फॉस्फरसच्या एका थराची थर्मोइलेक्ट्रिक (उष्णतेतून वीज काढण्याची) क्षमता, तीही फक्त गणनेतून. सरांनी तीन विषय सांगितले होते. पातळ फिल्मचे दोन्ही विषय मुलांनी आधीच पटकावले, उरलेला माझ्या वाट्याला आला. "आपल्या लॅबमध्ये फॉस्फरस तयार करायचा नाही," हे सरांनी दोनदा बजावलं. मी कुठे म्हटलं होतं करते म्हणून!

वहीच्या पहिल्या पानावर सूत्र लिहिलं. झेडटी म्हणजे पदार्थ या कामाला किती चांगला याचा आकडा : सीबेक गुणांकाचा वर्ग, गुणिले विद्युतवाहकता, गुणिले तापमान, भागिले उष्णतावाहकता. पदार्थाच्या एका टोकाला ऊब आणि दुसऱ्याला गारवा असला की दोन टोकांत व्होल्टेज येतं, हा सीबेक परिणाम; अंशाला किती व्होल्टेज येतं तो सीबेक गुणांक. त्यातून वीज काढायची तर पदार्थातून वीज सुसाट जायला हवी आणि उष्णता मात्र अडखळायला हवी. म्हणजे खिडकीतून वारा हवा पण डास नकोत. बाजारातल्या पेल्टियर मॉड्यूलमध्ये (वीज दिली की एक बाजू गार करणारी, उलट वापरली की वीज देणारी चकती) बिस्मथ टेल्युराइड असतं, त्याचा झेडटी खोलीच्या तापमानाला १ च्या आसपास. गेली कित्येक दशकं सगळे त्याच्याशीच तुलना करतात.

२४ नोव्हेंबर

आईचा फोन. मामाही तिथेच होता. फॉस्फरस म्हटल्यावर म्हणाला, "म्हणजे स्फुरद ना? मग डीएपीवर प्रोजेक्ट हाय म्हण की." नत्र, स्फुरद, पालाश यातलाच स्फुरद, पण खतात तो ऑक्सिजनशी बांधलेला असतो आणि माझा सुटा, हे सांगेपर्यंत मामा उसाच्या तोडीवर पोहोचला होता.

सुट्या फॉस्फरसची रूपं बरीच. पांढरा हवेत आपोआप पेटतो. लाल काडेपेटीच्या कडेला असतो. काळा सगळ्यांत शांत आणि सापडलाही उशिरा : ब्रिजमनने पांढरा फॉस्फरस २०० अंशाला सुमारे १२,००० वातावरणांच्या दाबाखाली ठेवला तेव्हा, १९१४ मध्ये. त्यानंतर शंभर वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. २०१४ मध्ये ग्राफीनसारखे, म्हणजे कार्बनच्या एका अणूच्या जाडीच्या थरासारखे, त्याचे पातळ पापुद्रे सोलून ट्रान्झिस्टर केले गेले आणि एका थराला फॉस्फरीन हे नाव पडलं.

रचना समजायला मला आठवडा लागला. पुस्तकातल्या चित्रावरून नव्हे, रूमसमोरच्या गोठ्याच्या छपरावरून समजली. पन्हळी पत्रा! प्रत्येक अणूला तीन शेजारी, पण थर ग्राफीनसारखा सपाट नाही, पन्हळीसारखा वरखाली दुमडलेला. पन्हळीच्या लांबीची दिशा म्हणजे झिगझॅग, पन्हळी ओलांडून आडवं जाण्याची दिशा म्हणजे आर्मचेअर. असे पत्रे एकावर एक रचले की काळा फॉस्फरस. दोन पत्र्यांत रासायनिक बंध नाही, नुसती व्हॅन डर वाल्सची सलगी, म्हणजे क्षीण आकर्षण.

३ डिसेंबर

क्वांटम एस्प्रेसो, म्हणजे पदार्थातले इलेक्ट्रॉन गणनेने सोडवणारं सॉफ्टवेअर, विभागातल्या जुन्या पीसीवर चढवलं. आधी ठोकळ्याची (अनेक थरांच्या सलग स्फटिकाची) रचना शिथिल करून पाहिली, म्हणजे अणूंना हवं तिथे स्थिरावू दिलं. प्रयोगात थर रचण्याच्या दिशेची लांबी १०.४८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग), माझी ११ ओलांडून गेली. साध्या पीबीईला (गणनेतलं नेहमीचं अंदाज-सूत्र) ती सलगी दिसतच नाही, म्हणून थर लांब सरकतात. व्हॅन डर वाल्सची दुरुस्ती घातल्यावर जागेवर आले.

रात्री लाइट गेली. यूपीएसची बॅटरी मेलेली आहे हे तेव्हाच कळलं. अकरा तासांचं रन पाण्यात.

१५ डिसेंबर

एका थराची बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वाहतं होण्यासाठी ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी, ०.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट आली. पीबीई गॅप कमीच दाखवते. हायब्रिड फंक्शनलने, म्हणजे जास्त अचूक पण जड सूत्राने, ती दीडपर्यंत जाते, पण ते या पीसीला झेपणारं नाही. ठोकळ्याची प्रत्यक्ष गॅप जेमतेम ०.३. थर कमी होत गेले की गॅप वाढत जाते.

२२ डिसेंबर

आज आनंदाने जेवण राहिलं. बोल्ट्झट्रॅप (इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापट्ट्यांवरून, म्हणजे बँडवरून, सीबेक आणि वाहकता काढणारं सॉफ्टवेअर) चालवलं, आलेख काढला आणि सीबेक गुणांकाचं शिखर १४०० मायक्रोव्होल्ट प्रति केल्विनच्या वर! बिस्मथ टेल्युराइडचा २०० च्या घरात असतो. पट काढले, वर्ग केला, स्वतःवरच खूश झाले. सरांना स्क्रीनशॉट पाठवला.

सरांचं उत्तर एका ओळीचं : "गॅपला दोन गुणिले तापमानाने भागून बघ."

खोलीचं तापमान ३०० केल्विन, म्हणून ०.९ भागिले ६०० म्हणजे १५०० मायक्रोव्होल्ट. म्हणजे हे शिखर फॉस्फरसचं कर्तृत्वच नव्हे, नुसतं गॅपचं भाषांतर. पीबीईची गॅप चुकीची, म्हणून शिखरही चुकीचं. शिवाय ते शिखर येतं गॅपच्या मधोमध, फर्मी पातळी (इलेक्ट्रॉन साधारण जिथवर भरलेले असतात ती ऊर्जा) तिथे असताना वाहायला इलेक्ट्रॉनही नाहीत आणि होलही (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, धन भारासारख्या वाहणाऱ्या) नाहीत. व्होल्टेज भरपूर, करंट शून्य. नदीकाठी उंच धरण आणि आत पाण्याचा थेंब नाही, तसलं. प्रत्यक्ष मोजलेल्या ठोकळ्याचा आकडा २०१५ मध्ये छापून आला आहे : ३३५, चूक-भूल १०. तो मात्र ठोकळ्याच्या ०.३ गॅपच्या हिशेबात नीट बसतो.

उपयोगाची जागा बँडच्या काठाशी. दर चौरस सेंटीमीटरला ५ लाख कोटी होल धरले, तर ३०० केल्विनला माझा सीबेक २४० येतो. आता हाच धरून चालायचं.

२९ डिसेंबर

दोन दिवस उलटं उत्तर येत होतं. झिगझॅगला वीज जास्त, आर्मचेअरला कमी. चूक साधी निघाली : एका पेपरात ए अक्ष झिगझॅग, दुसऱ्यात बी अक्ष झिगझॅग, आणि मी लेबलं एकाची आणि फाइल दुसऱ्याची वापरली. यापुढे वहीत ए-बी लिहिणार नाही. "पन्हळीने" आणि "पन्हळीआड", एवढंच लिहीन.

लेबल सुधारल्यावर चित्र स्वच्छ झालं. पन्हळीआड होल अगदी हलके, मुक्त इलेक्ट्रॉनच्या ०.१५ पट वस्तुमानाचे. पन्हळीने तेच ६ पटींहून जड. उष्णतेचं उलट आहे, ती पन्हळीने जोरात जाते. पावसाचं पाणी जसं पत्र्यावरून पन्हळीनेच उतरतं, तशी. वीज आडवी, उष्णता उभी. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये नेमकं हेच बोट ठेवून सांगितलं होतं की फॉस्फरीनचा झेडटी खोलीच्या तापमानाला १ पर्यंत जाऊ शकेल. खिडकीला जाळी लावलेली आयतीच मिळाली, असं वाचताना वाटलं होतं.

१२ जानेवारी २०२५, रविवार, उंब्रजजवळ

संक्रांतीला दोन दिवस आधीच घरी आले. मामाचं गुऱ्हाळ चालू आहे. प्रकल्पाशी याचा थेट संबंध नाही, पण आयुष्यात एकदाही थर्मोइलेक्ट्रिक वस्तू हातात न धरता त्यावर साठ पानं लिहायची, याची मलाच लाज वाटत होती.

साताऱ्यातून पेल्टियर मॉड्यूल घेऊन आले होते. चार सेंटीमीटर चौरस, आत १२७ जोड्या. चुलाणाच्या मागे, धुराड्याच्या बुडाशी विटांच्या बाहेरून लोखंडी पट्टी आहे, तिथे हात टिकत नाही. पट्टीवर अॅल्युमिनियमची चकती, त्यावर मॉड्यूल, त्यावर जुन्या कॉम्प्युटरचा हीटसिंक, आणि हीटसिंकवर मामाने स्वतःच्या हाताने भिजवलेलं पोतं. जास्त तापलेल्या जागी लावायची सोय नाही, कारण मॉड्यूलच्या आतलं सोल्डर १३८ अंशांना वितळतं. गरम बाजू ११०, गार बाजू ६५. मल्टिमीटरवर २.१ व्होल्ट.

हिशेब जुळला तेव्हा तिथेच पारावर बसून पुन्हा केला. प्रत्येक जोडीत दोन पाय, पायाचे साधारण २०० मायक्रोव्होल्ट, म्हणजे १२७ जोड्यांचे अंशाला सुमारे ५० मिलीव्होल्ट. ४५ अंशांना सव्वादोन व्होल्ट. थोडा फरक सिरॅमिकच्या चकत्यांनी खाल्ला. वहीतला सीबेक पहिल्यांदाच काट्यावर दिसला.

पांढरा एलईडी काही लागला नाही, त्याला तीन व्होल्ट लागतात. लाल लागला.

काहिलीवर रस उकळत होता, मळी काढून झाली होती, वासाने भूक खवळलेली. मामा त्या लाल ठिपक्याकडे बघत म्हणाला, "एवढी चिपाडं जाळली आणि एक लाल दिवा? अगं, काजवा बरा की."

खोटं नाही. चांगला भार जोडला तर अर्धा वॉट मिळेल. ४५ अंशांच्या फरकात निसर्गच शंभरातले जेमतेम बारा देऊ करतो आणि झेडटी १ असलेलं मॉड्यूल त्यातले दोन उचलतं. बाकी सगळी ऊब पोत्यातून वाफ होऊन जाते.

मग मामाने खरा प्रश्न विचारला. "ह्या तुझ्या काळ्या स्फुरदाचं केलं तर किती लागतील दिवे?"

सांगते म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.

१९ जानेवारी

साताऱ्यात थंडी. सदर बझारातल्या रूमवर बोटं चालत नाहीत, म्हणून विभागात बसते.

मामाच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर आलं : ०.०३. पन्हळीआड, ३०० केल्विन, ५ लाख कोटी होल. जिथे लोकांनी १ काढला तिथे माझं ०.०३. सगळ्या फाइली पुन्हा तपासल्या, के-पॉइंट, म्हणजे गणनेच्या जाळीचे बिंदू, दुप्पट केले, आकडा हलला नाही.

चूक सापडली ती चहा पिताना. एका थराची गणना करताना वर-खाली पोकळी ठेवावी लागते, नाहीतर थराला आपलीच प्रतिबिंबं शेजारी दिसतात. माझ्या पेटीची उंची २० अँगस्ट्रॉम आहे. बोल्ट्झट्रॅपला काय माहीत की त्यातले बरेचसे अँगस्ट्रॉम निव्वळ रिकामे आहेत? त्याने वाहकता २० वर पसरली. थराची खरी जाडी ठोकळ्यातल्या १०.४८ च्या निम्मी, ५.२४. म्हणजे विद्युतवाहकता ३.८ पट कमी आली. उष्णतावाहकता मात्र मी छापील पेपरातून घेतली होती आणि ती थराच्या जाडीवर काढलेली होती. वर पोकळीचं माप, खाली थराचं माप. एका पारड्यात किलो आणि दुसऱ्यात पायली.

गंमत अशी की दोन्हीकडे २० धरले असते तरी झेडटी बरोबरच आला असता, कारण जाडी वर-खाली कापली जाते. जाडी किती धरली याने फरक पडत नाही. दोन ठिकाणी दोन धरल्या की पडतो. हे कुठल्या मॅन्युअलमध्ये ठळक लिहिलेलं मला तरी दिसलं नाही, म्हणून इथे लिहिते.

दुरुस्तीनंतर : ०.१२.

२ फेब्रुवारी

०.१२ वर समाधान मानून लिहायला बसले होते. सरांनी विचारलं, "टाऊ कुठून आणलास?"

टाऊ म्हणजे इलेक्ट्रॉनच्या किंवा होलच्या दोन धडकांमधला सरासरी काळ. बोल्ट्झट्रॅप विद्युतवाहकता देत नाही, विद्युतवाहकता भागिले टाऊ देतं. सीबेकमध्ये टाऊ कापला जातो, म्हणून सीबेक स्वच्छ निघतो. वाहकतेत टाऊ आपण घालायचा. विभागात असलेल्या आधीच्या बॅचच्या रिपोर्टांत सगळीकडे १० फेमटोसेकंद आहे (एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा कोटी कोटीवा भाग). का, तर त्याच्या आधीच्याने तेच धरलं होतं. घराण्यातल्या पाटल्यांसारखा आजीकडून नातीकडे आलेला टाऊ. मी १४ धरला होता, कारण इलेक्ट्रॉन-फोनॉन (फोनॉन म्हणजे अणूंची कंपनं) धडकांची सविस्तर गणना करणाऱ्या २०१५ च्या एका पेपरात गतिशीलता, म्हणजे विद्युतक्षेत्रात वाहक किती चपळ पळतो ते माप, १७० सेंटीमीटर वर्ग प्रति व्होल्ट-सेकंदच्या आसपास आहे आणि ०.१५ वस्तुमानाने ती १४ फेमटोसेकंद होते. मला वाटलं मी फार काटेकोर वागले.

"मोजलेली गतिशीलता घाल," सर म्हणाले. २०१४ च्या ट्रान्झिस्टरात, साधारण १० नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यात, ती १००० पर्यंत गेली होती. तो एकच थर नव्हे हे मान्य, पण तीच घालून पाहिली. टाऊ ८५ फेमटोसेकंद. झेडटी ०.१२ चा थेट ०.६०.

मग खालची बाजू. जालकाची, म्हणजे अणूंच्या जाळीची, उष्णतावाहकता मी पन्हळीआड ३६ वॉट प्रति मीटर-केल्विन घेतली होती (पन्हळीने ११०), २०१५ च्या एका गणनेतून. त्याच वर्षीच्या दुसऱ्या गणनेत तीच १३.६५ आणि ३०.१५ आहे. पद्धत तीच, फक्त किती लांबच्या अणूंपर्यंतची ओढाताण हिशेबात धरायची, अशा बारीक निवडींवर आकडा इतका हलतो. १३.६५ घातलं की १४ फेमटोसेकंदांना ०.३० आणि ८५ ला १.२.

पाच-सहा वेळा पडताळलं. बँड तेच, सीबेक तोच, होल तेवढेच. झेडटी ०.१२ पासून १.२ पर्यंत. दहा पट. यातला कुठलाही आकडा मी "आमच्या गणनेनुसार" म्हणून छापला असता तर कुणी मला खोटं ठरवू शकलं नसतं.

आणि ही शहाणी टोकं झाली. २०१४ च्या एका गाजलेल्या पेपरात साध्या विरूपण-विभव सूत्राने (थर ताणला की बँड किती सरकतो त्यावरून) होलची गतिशीलता पन्हळीच्या दिशेने १०,००० च्या वर काढली आहे, तीही जिथे होल सर्वांत जड आहे तिथे. त्यावरून टाऊ ३६ पिकोसेकंद निघतो, माझ्या १४ फेमटोसेकंदांच्या अडीच हजार पट. तो घालून झेडटी काढायचा मोह झाला होता. काढला नाही.

गेले दोन महिने मी बँड काढण्यात घालवले आणि उत्तर ठरवत होता तो एक आकडा, जो मी दोन मिनिटांत उसना आणला होता. राग सरांचा यायला हवा होता, त्यांनी डिसेंबरातच का नाही विचारलं. पण डिसेंबरात विचारलं असतं तर मला कळलं नसतं.

१६ फेब्रुवारी

टाऊ स्वतः काढायचा ठरवलं, इलेक्ट्रॉन-फोनॉन गणना करून. जुजबी जाळीवर एक चाचणी लावली. पूर्ण जाळीला या पीसीवर लागणारा वेळ मोजला तर माझी पदवी, लग्न आणि बहुधा निवृत्तीही उरकेल. सोडून दिलं.

१ मार्च

हवेबद्दलचं प्रकरण आज लिहून संपवलं. पातळ काळा फॉस्फरस उघड्यावर टिकत नाही. ऑक्सिजन, ओलावा आणि उजेड, तिघे मिळून त्याला खातात. पृष्ठभागावर आधी फोड येतात, मग फॉस्फरसची आम्लं होतात. वर झाकण म्हणून बोरॉन नायट्राइड किंवा अॅल्युमिनाचा थर देतात. पण झाकणातूनही उष्णता जाते, आणि एका थराच्या वस्तूवर झाकणच वस्तूपेक्षा जाड असतं. धुराड्याशी तर हे चालायचंच नाही.

मग इतक्या लोकांनी यात डोकं का घातलं? मला पटलेलं कारण वेगळंच आहे. टिन सेलेनाइडची रचना पाहा. तीच पन्हळ, तसाच दुमडलेला थर, फक्त फॉस्फरसच्या जागी आळीपाळीने टिन आणि सेलेनियम. २०१४ मध्ये त्याच्या स्फटिकात ९२३ केल्विनला २.६ झेडटी मोजल्याचं जाहीर झालं आणि सगळं क्षेत्र चक्रावलं. त्याची उष्णतावाहकता फारच कमी आहे. फॉस्फरस हा त्या घराण्यातला सगळ्यात साधा भाऊ, एकाच मूलद्रव्याचा. पन्हळीमुळे काय होतं आणि जड अणूंमुळे काय होतं हे वेगळं काढायचं तर सुरुवात इथून. फॉस्फरसचे अणू हलके आहेत, त्यामुळे उष्णता नेणारी कंपनं चपळ राहतात. नुसती पन्हळ पुरत नाही.

२४ मार्च

तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तक्ता पाहिला आणि विचारलं, "चार झेडटी का? एक सांगा." मी गतिशीलतेचे दोन आणि उष्णतावाहकतेचे दोन पर्याय दाखवले. ते म्हणाले, निष्कर्ष ठाम हवा. मी म्हटलं, सीबेकबद्दल ठाम आहे, दिशेबद्दल ठाम आहे, की वीज पन्हळीआड काढायची. आकड्याबद्दल नाही. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. काय ते दिसलं नाही.

३० मार्च, उंब्रजजवळ

पाडवा. गुऱ्हाळ बंद झालं, काहील पालथी घातलेली. मामाला उत्तर दिलं : तुझ्या धुराड्यावर एकही दिवा नाही, स्फुरद आधीच जळून जाईल. मामाला वाईट वाटलं नाही. तो लाल एलईडी त्याने काढून देव्हाऱ्याजवळ सेलवर लावलाय.

५ एप्रिल, सातारा

पोवई नाक्यावर बाइंडिंगला दिलं. दुकानदाराने मुखपृष्ठावर "फॉस्फरीन"चं "फॉस्फरीण" केलं होतं, बदलून घेतलं.

सगळ्या इनपुट फाइली विभागाच्या पीसीवर ज्युनियर्ससाठी ठेवल्या आहेत. बोल्ट्झट्रॅपच्या फोल्डरमधल्या पहिल्या फाइलीच्या पहिल्याच ओळीत शेरा टाकलाय : "पेटीची उंची २०, थराची जाडी ५.२४. वाहकतेला ३.८ ने गुणलंस का? आणि टाऊ कुठून आणलास ते वहीत लिही, पेपरचं वर्ष आणि पापुद्र्याची जाडी यासकट." यूपीएसला नवी बॅटरी अजून आलेली नाही, तेही खाली लिहिलं आहे.